जरा विश्रांती घे

"अगं, लेकरू कडेवर घेऊन कुठं परिषदेच्या व्यासपीठावर उभी राहतेस? शिट्टीमास्तर वाचेल तुझा शोधनिबंध. तू जरा विश्रांती घे," मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी माझ्या लेकीचा गालगुच्चा घेतला.

"मॅडम, दहा मिनिटांचं तर काम आहे. कुणी तिला धरलं तर…"

"माझ्याकडे बघू नकोस," शिट्टीमास्तर हसला. "मला शिट्टी वाजवता येते, अंगाई नाही बुवा!"

शारीरिक शिक्षण विभागातला हा माझा सहसंशोधक. पूर्वी शाळेत खेळ शिकवायचा, म्हणून हे नाव. माणूस वाईट नाही. हीच तर पंचाईत होती, वाईट कुणीच नव्हतं. लेकीला सांभाळायला येणाऱ्या सासूबाईंचा गुडघासुद्धा त्या सकाळी मनापासून दुखत होता.

विषय माझा होता: मूल झाल्यावर व्हॉलीबॉल सुटलेल्या बायका. त्यांच्या स्वयंपाकघरांत बसून मी ऐकायची. कुणी भांडी विसळत बोलायची, कुणी पोराला थोपटत. एकीलाही संघातून कुणी काढलं नव्हतं. प्रशिक्षक, नवरा, आई, सगळे एवढंच म्हणाले होते, जरा विश्रांती घे. हे मी मांडलं असतं, तर पुढची शिष्यवृत्ती देणाऱ्या समितीला मी निदान दिसले असते. समिती पहिल्याच रांगेत होती.

मी शेवटच्या रांगेत बसले. शिट्टीमास्तरने छान वाचलं. 'विश्रांती' या शब्दावर तो नेमका थांबला. टाळ्या पडल्या, त्या आवाजाने लेक दचकून रडायला लागली.

"ताई, बाहेर हवा छान आहे," स्वयंसेविका कानाशी म्हणाली आणि आमच्यामागे काचेचं दार लावून घेतलं. मी लेकीच्या कपाळाला हात लावला. गरम वाटलं. मला ते नेहमीच वाटतं.

व्हरांड्यातल्या कर्ण्यातून समितीच्या अध्यक्षांचा आवाज आला, "या बायकांना पुन्हा खेळायचं आहे का, हे विचारलंत?"

शिट्टीमास्तरने कागद उलटसुलट केले. "त्याबद्दल… माहिती उपलब्ध नाही, सर."

होती. ते शेवटी तोंडी सांगायचं म्हणून मी निबंधात घातलंच नव्हतं. सगळ्या हो म्हणाल्या होत्या. एकीने तर हातातलं पातेलं खाली ठेवून, ओट्यापाशीच गुडघे वाकवून, चेंडू झेलायचा पवित्रा घेऊन दाखवला होता.

मी दार ढकललं. स्वयंसेविकेने आतून ते हलकेच धरून ठेवलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

मग मी काचेआडून हात वर केला. वर्गात करतात तसा, ताठ. माझं बघून लेकीनेही हात वर केला, रडं विसरून हलवायला लागली.

मॅडमचं लक्ष गेलं. त्यांनी शेजारच्यांना कोपराने खुणावलं. पहिली रांग वळली, कौतुकाने हसली, आणि सगळ्यांनी मिळून तिला टाटा केला.