काचेआडचं दव

सासऱ्यांच्या गाड्यांच्या दिव्यांच्या दुकानात त्याला नाव नव्हतं. गिऱ्हाइकांपासून चहावाल्यापर्यंत सगळे त्याला जावईबापू म्हणत, आणि घर दुकानाच्या माथ्यावरच असल्यामुळे जिना चढला तरी तो जावईबापूच. दोन खोल्यांत सासू, सासरे, मेहुणी आणि हे दोघं. नवरा-बायकोला भांडायचं झालं तर गच्ची गाठावी लागे.

त्या दिवशी सकाळी बायकोने बॅग भरून पलंगाखाली सरकवली. "बाबांशी आज बोल. खोलीवाल्या बाईंनी संध्याकाळपर्यंतच खोली आपल्यासाठी धरून ठेवलीय." तो हो म्हणाला. हो म्हणण्यात त्याचा हात कोणी धरू शकत नसे.

खाली एक टॅक्सीवाली तणतणत उभी होती. इथूनच बसवून घेतलेले तिच्या गाडीचे झगझगीत दिवे, कंपनीचे नव्हेत, बाहेरच्या बनावटीचे, आतून पुन्हा दवाने भरले होते. "तिसरी खेप आहे ही! अंधारात रस्ता दिसत नाही मला. चालवायची कशी गाडी?"

सासऱ्यांचा इलाज ठरलेला असे. सिलिकॉन. फट दिसली की बुजव, नाही दिसली तरी बुजव. घरातल्या खिडक्यासुद्धा त्यांनी धुळीच्या धास्तीने खिळे ठोकून बंद केल्या होत्या. मागच्या दोन्ही खेपांना त्यांनी सांगितलं आणि जावईबापूंनी दिव्यामागची बारीक रबरी नळीही मुकाट्याने लिंपून टाकली. ती नळी आतली वाफ बाहेर जाण्यासाठीच असते, हे त्याला पहिल्यापासून ठाऊक होतं. बोलायचं राहून गेलं, इतकंच.

आज मात्र त्याने बॉनेट उघडलं. "मामा, ही नळी मोकळी करायला हवी," म्हणाला आणि उत्तराची वाट न बघता सिलिकॉन खरवडायला लागला. सासरे बघतच राहिले. मग त्याने दिवा लावून ठेवला. दिवा तापला तसं दव कडेकडेने ओसरत गेलं आणि हळूहळू काच लख्ख झाली. एवढं सोपं होतं तर! आता याच दमात दुसरंही बोलून टाकायचं, की आम्ही वेगळे राहणार आहोत.

"मामा, आणखी एक..."

पण मामांनी टॅक्सीवालीदेखत त्याला मिठीच मारली. "बघा ताई, चूक माझी होती! मला मुलगा नाही म्हणून लोक हळहळायचे. अहो, हे असताना मुलगा हवाय कुणाला? उद्याच पाटी रंगवून घेतो. माझं नाव, आणि पुढे 'आणि जावई'!" त्यांचे डोळे भरून आले होते. "हं, तुम्ही काय म्हणत होतात?"

रागावले असते तर बरं झालं असतं. रागावरचं उत्तर त्याने पाठ करून ठेवलं होतं.

"काही नाही. दुसरा दिवाही करून टाकतो."

बायको चहा घेऊन जिन्यात उभी होती. केव्हापासून, कोण जाणे. तिने दिव्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे.

"छान साफ झाला," ती म्हणाली आणि ट्रे ठेवून वर गेली.

तो दुसऱ्या दिव्यावर वाकला. वर पलंग सरकल्याचा आवाज आला, मग कपाटाचं दार कुरकुरलं. बॅगेतले कपडे परत जागेवर चालले होते.