आमचा माणूस येईल

चिमी आणि झटपट यांच्या आजवर कल्पना भरपूर झाल्या होत्या, कंपनी तेवढी उभी राहायची बाकी होती. झटपट हा तिचा भागीदार. त्याला सगळंच झटपट हवं असे, चहासुद्धा उकळायच्या आत. चिमी हे नाव आत्याने ठेवलेलं. आईवडील कामावर असत, म्हणून चिमीच्या शाळेच्या पालकसभेला आत्याच नेमाने जाऊन बसायची.

नवी कल्पनाही आत्याकडूनच आली. "दवाखान्यात एकटीनं बसायला नको वाटतं गं," असं ती एकदा बोलून गेली. आत्या बिचारी सोबत मागत होती, चिमीला त्यात धंदा दिसला. दवाखान्यात बरोबर येणारा भाडोत्री सोबती, मोबाइलवरून बोलवायचा!

नव्या कंपन्या काढणाऱ्यांची एक रीत आहे. दुकान बांधायच्या आधी भिंतीवर नुसतं दार रंगवायचं आणि किती जण ठोठावतात ते बघायचं. यांनीही तसंच एक पान इंटरनेटवर टाकलं. नाव आणि तारीख भरा, बटण दाबा. खाली लिहिलं होतं, 'सेवा लवकरच सुरू होत आहे.' कोणी फिरकेना. मग चिमीने ते वाक्य बदललं: 'आमचा माणूस येईल.' कुठला माणूस? ऑफिसात होत्या दोन खुर्च्या आणि एक बिघडलेला पंखा. पण लोकांनी धडाधड बटणं दाबली. तो आकडा बघून एक गुंतवणूकदार पैसे घालायला तयार झाला, आणि झटपटने केक आणला.

केक कापतानाच आत्याचा फोन आला.

"अगं, डोळ्याचं ऑपरेशन राहिलं माझं. सोबत कोणी असल्याशिवाय करत नाहीत म्हणे. एका कंपनीचा माणूस यायचा होता. सकाळभर पायरीवर बसून राहिले, आलाच नाही."

चिमीच्या हातातली सुरी तशीच राहिली. "मला का नाही सांगितलंस?"

"तूच म्हणालीस ना, हा आठवडा फार महत्त्वाचा आहे, फोनसुद्धा उचलता येणार नाही. म्हटलं, पोरीच्या कामात लुडबुड कशाला. असू दे. नवीन पोरं असतील, होते चूक. मी त्यांच्याकडेच मंगळवारचं परत नोंदवलंय."

आत्ताच सांगून टाकावं, असं चिमीला फार वाटलं. तोंडातून निघालं ते एवढंच, "बरं." आपण किती भित्र्या आहोत, हे तिला त्या वेळी कळलं आणि स्वतःची किळस आली.

ती पान बंद करायला बसली.

"डोकं फिरलंय का?" झटपट ओरडला. "पैसे हातात पडू देत, मग कर काय करायचं ते."

"तिकडे माणसं वाट बघत बसलीयेत."

"आपण त्यांच्याकडून काही घेतलंय का?"

कालपर्यंत तीही हेच म्हणत होती, म्हणून ते जास्त झोंबलं. तिने पान बंद केलं आणि नोंदवलेल्या एकेकाला फोन लावून माफी मागितली. काहींनी शिव्या घातल्या, काहींनी नुसतं "अच्छा" म्हणून फोन ठेवला. त्यापेक्षा शिव्या बऱ्या वाटल्या. गुंतवणूकदाराने अंग काढून घेतलं. झटपट बोलेनासा झाला. हे सगळं तिने केलं, आत्याला फोन मात्र लावता आला नाही.

मंगळवारी सकाळी ती आत्याच्या दारात जाऊन उभी राहिली. आत्या तयार होती. केस नीट विंचरलेले, तपासणीचे कागद पिशवीत, पायात चपला.

"अगं, तू? कामावर नाही गेलीस? बस थोडी, पण मला निघायचंय. कंपनीचा माणूस येईलच." ती चिमीच्या खांद्यावरून रस्त्याकडे बघत होती.

"आत्या, ती कंपनी माझीच आहे. माणूसबिणूस कोणी नव्हता. नुसतं लिहिलं होतं. मीच लिहिलं होतं."

आत्या आधी हसली, थट्टा समजून. मग चेहरा अगदी जवळ आणून तिने चिमीला न्याहाळलं. तिला जेवढं दिसत होतं तेवढं.

"म्हणजे त्या दिवशी तूच यायची होतीस?"

चिमीने मान हलवली. ती आत्याला दिसली नसेल म्हणून मग तोंडाने म्हणाली, "हो."

आत्या कुलूप लावायला वळली. किल्ली जागेवर बसेना. चिमीने हात पुढे केला.

"राहू दे, सवय आहे मला," आत्या म्हणाली. पिशवी मात्र तिने चिमीकडे दिली.