एकवीस दिवसांची रेघ

भार्गवीच्या तक्त्यात सव्वीस रेघा होत्या आणि शेषेराव सरांचं भांडण त्यातल्या एकाच रेघेशी होतं.

सर लातुरात फिजिक्सचे क्लास घ्यायचे. पत्र्याच्या शेडमध्ये पोरं मावेनात, म्हणून तीनशे जणांचा हॉल बांधायला काढला. पंधरा जूनला नवी बॅच. भार्गवी त्या बांधकामाची इंजिनिअर. नांदेडची आणखी एक साइटही तिच्याच गळ्यात. कोणतं काम कधी सुरू, कधी संपणार, कशावाचून काय अडणार, ते सगळं तिनं तक्त्यावर मांडलं होतं. फरशी दोन दिवस लांबली तरी चाललं असतं, रंगाला चार दिवसांची सवड होती. स्लॅब टाकल्यानंतर रोज पाणी मारून तो पक्का करायचे एकवीस दिवस मात्र लाल रेघेत.

"हा क्रिटिकल पाथ, सर. इथं एक दिवस गेला की शेवटची तारीख एक दिवस पुढं."

"पण या एकवीस दिवसांत कोणी कामच करत नाही की! नुसतं पाणी मारायचं आणि बसून राहायचं?"

मिनिटामिनिटाचं वेळापत्रक आखणारा माणूस तो, त्याला रिकामी रेघ कशी बघवणार! तरी भार्गवी हटली नाही आणि सरांनी चरफडत मान्य केलं.

आठ जूनला सकाळी एकवीस दिवस भरले. त्यातले पहिले पाच दिवस ती नांदेडला होती, पण मिस्त्री बसलिंगप्पाच्या वहीत रोजची नोंद होती: पाणी मारले, सही. ती बघून तिनं लाल रेघेवर बरोबरची खूण केली. सर पेढे घेऊन हजर. मिस्त्रीच्या हाताखालचा मलप्पा हातोडा घेऊन स्लॅबखालच्या पहिल्या टेकूपाशी उभा.

बसलिंगप्पाच्या टोळीत एक रीत होती. टेकू निघायला लागले की मिस्त्रीनं स्लॅबखाली मधोमध जाऊन उभं राहायचं. दहा वर्षांपूर्वीच्या भूकंपात निलंग्याकडचं त्याचं घर पडलं, तेव्हापासून त्यानंच ही रीत पाडली होती. आपण टाकलेल्या छताखाली आधी आपण.

"चला मिस्त्री," सर म्हणाले.

बसलिंगप्पा दारातच थांबला.

"मी न्हाई उभारत, सर."

"का?"

"पयल्या आठवड्यात चार दिस पाणीच मारलं न्हाई. शेजारच्या हॉस्टेलच्या पोरी घागरी घेऊन आल्या. टँकर आठ दिसाला येतो, प्यायला थेंब न्हवता त्यांच्याकडं. स्लॅबसाठी साठवलेलं दिलं मी सगळं."

"अन् वहीत?" भार्गवीनं विचारलं.

"खोटं लिव्हलं. भूकंपात दगडाखालून माणसं पाणी मागत होती, म्याडम. मी वर उभा, माझ्याकडं काईच न्हवतं. आता कुणी पाणी मागितलं की न्हाई म्हणता येत न्हाई मला."

सर तापले. "गावोगावी पत्रकं गेलीत! मुरुडची, लोह्याची पोरं खोल्या घेऊन बसलीत. आता चार दिवसांसाठी सगळं बुडवू? मी उभा राहतो. मलप्पा, मार!"

ते तरातरा आत गेले आणि मधोमध उभे राहिले. मलप्पानं बसलिंगप्पाकडं पाहिलं, मग सरांकडं, आणि हातोडा उचलला.

भार्गवी धावली. तिनं त्या टेकूला दोन्ही हातांनी मिठी घातली.

"आधी मला हलवा," ती म्हणाली. "चूक माझीही आहे. मी वही वाचली, वर चढून स्लॅब पाहिला नाही. पण सर, आज तुम्ही ऐकून-समजून उभे आहात. पंधरा तारखेला इथं तीनशे पोरं बसतील. त्यांना सांगणार आहात का हे चार दिवस?"

मलप्पाचा हातोडा वरच राहिला. सरांनी मान वर करून छताकडं पाहिलं. भूकंपानंतर ढिगारे उपसायला तेही गेले होते. त्याबद्दल ते कधी बोलत नसत. मग ते हळूहळू चालत बाहेर आले आणि पायरीवर बसले.

"नवी तारीख सांगा."

"आज तारीख नाही सांगता येत. दोन आठवडे पुन्हा पाणी, मग स्लॅबची तपासणी. ती पास झाली तरच टेकू निघतील. तोवर बॅच शेडमध्ये दोन पाळ्यांत घ्या."

"घेतो," सर म्हणाले.

भार्गवीनं जुना तक्ता काढला आणि नवा कागद लावला. सगळ्यात वर, स्लॅबच्याही आधी, तिनं एक रेघ मारली: हॉस्टेलच्या मुलींना पिण्याचं पाणी, रोज.

"हे आपल्या कामात कुठं होतं?" सरांनी विचारलं.

"नव्हतं. म्हणून तर स्लॅबचं पाणी गेलं."

जबाबदार कोण, या रकान्यात ती बसलिंगप्पाचं नाव लिहायला लागली. सरांनी तिच्या हातातून पेन घेतलं आणि तिथं स्वतःचं नाव लिहिलं.

बसलिंगप्पा पाइप खांद्यावर टाकून स्लॅबवर चढला. या वेळी भार्गवीही त्याच्या मागोमाग वर गेली.