स्वतःचाच भाडेकरू

पैज लागली ती पोपटी गाऊनवर.

तळमजल्यावर शिंपीणताईंचं दुकान होतं, आणि तिथल्या खुंटीला तो गाऊन कधीचा लटकत होता. गळ्यापासून घोट्यापर्यंत झालरीच झालरी. शिवायला टाकणारी बाई न्यायला आलीच नाही. बहुधा शुद्धीवर आली असावी. दुकानापुढच्या बाकावर संध्याकाळी मंडळी जमली होती आणि शेठ नेहमीसारखा फुशारक्या मारत होता.

शेठ हे त्याला बाकावरच पडलेलं नाव. जुन्या इमारती घ्यायच्या, डागडुजी करून भाड्यानं लावायच्या, हा त्याचा धंदा. शहरात ठिकठिकाणी त्याच्या इमारती, आणि स्वतः मात्र इथं, तिसऱ्या मजल्यावरच्या कोपऱ्यातल्या फ्लॅटमध्ये भाड्यानं. बायको सोडून गेल्यावर तात्पुरता म्हणून आला तो इथलाच झाला.

"उद्या बँकेची बाई येणारे, इमारत तपासायला," तो म्हणाला. "रिकामा फ्लॅट तिला एकच सापडणार. दुसऱ्या मजल्यावरचा. लावा पैज!"

"दोन सापडले तर?" ताईंनी मशीन थांबवलं.

"तर तुमचा तो पोपट अंगात घालून भरदुपारी रस्त्यावर फेरी मारीन."

"आणि मी हरले तर?"

"तर आयुष्यात एकदा तरी माझी पँट वेळेवर द्यायची."

"लावू नकोस शेठ्या," टॅक्सीवाला खिदळला. "जिंकलास तरी पँट मिळायची नाही!"

ताईंनी त्याच्या अंगावर चिंध्यांचा बोळा फेकला. सगळे हसले. टॅक्सीवाल्यानं हसता हसताच विचारलं, "पण बँकेला आपल्या इमारतीचं काय पडलंय?"

इथं शेठची जीभ घसरली. "अरे, कर्ज काय माझं तोंड बघून देतील? भाडं किती येतं, खर्च जाऊन त्यात हप्ता निघतो का, ते बघतात. एक फ्लॅट रिकामा चालतो. दोन असले की गणित बसत नाही."

"म्हणजे, ही इमारत तू घेतोयस?"

"घेतोय खरा."

टॅक्सीवाला उगीचच थोडा सरकून बसला. मग घसा खाकरून म्हणाला, "आमचं भाडं वाढणार का हो, साहेब?"

शेठ्याचा साहेब व्हायला एवढाच वेळ लागला. ताईंनी मशीन पुन्हा सुरू केलं, आणि एरवी जेवायची वेळ झाली तरी न उठणारी मंडळी एकेक करून उठली. शेठ बराच वेळ एकटाच बसून राहिला. बाक केवढा लांब आहे, हे त्याला त्या दिवशी दिसलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बँकेची बाई आली. आधी रस्त्यापलीकडे उभी राहून तिनं इमारत निरखली. शेठ मनात खूश झाला, कारण त्याचीही रीत हीच. घरात शिरायच्या आधी बाहेरून बघायचं. दोरीवर कपडे, खिडकीत कुंडी, गजाला टांगलेली पिशवी. माणूस राहत असला की काहीतरी बाहेर डोकावतंच.

"दुसऱ्या मजल्यावर मधला रिकामा," बाई म्हणाली.

"बरोबर!"

"आणि तिसऱ्यावर तो कोपऱ्यातला."

शेठचं तोंड उघडं ते उघडंच. "तो? अहो, तो माझा आहे! मी राहतो तिथं!"

"असं? चला, बघू."

वर दारापुढे पायपुसणं नव्हतं. बेलची वायर लोंबत होती. ती दुरुस्त करायचं त्याच्या कधी मनातही आलं नव्हतं, वाजवणारं कोण होतं? आत एक खुर्ची, ओट्यावर पालथं घातलेलं एक ताट, भिंतीशी दोरीनं बांधलेली खोकी.

"सामान सोडलं नाही अजून? नवीन आलात?"

"तात्पुरता आलोय." वर्षं सांगायची त्याला लाज वाटली. "पण राहतो की नाही? भाडं देतो की नाही? कागदांत माझं भाडं दाखवलंय बघा."

बाईनं कागद चाळले आणि तिला हसू आवरेना. "साहेब, इमारत तुमची झाल्यावर हे भाडं कोण कोणाला देणार?"

शेठ मटकन खुर्चीत बसला. बाई उभीच राहिली, कारण दुसरी खुर्ची नव्हती.

धंद्यातलं नवखं पोरगंही अशी चूक करणार नाही. पण आजवर घेतलेल्या कुठल्याच इमारतीत तो स्वतः राहत नव्हता. या इमारतीचे सगळे भाडेकरू मोजताना त्यानं सवयीनं स्वतःलाही मोजलं. या खिशातले पैसे त्या खिशात घालायचे आणि त्याला कमाई म्हणायची! दुसऱ्या कुणी केलं असतं तर यानं बाकावर महिनाभर त्याची टिंगल केली असती.

"मार्ग आहे," बाई समजुतीनं म्हणाली. "तुम्ही दुसरीकडे राहायला जा. इथं भाडेकरू ठेवा, करारनामा आणून द्या. मी एकच रिकामा लिहिते. कर्ज होऊन जाईल."

जायला जागा होती. त्याच्या एका इमारतीत लिफ्टसकट झकास फ्लॅट होता. पण तिथं तो नुसता फाटकातून आत शिरला तरी गप्पा बंद व्हायच्या. वॉचमन उभा राहायचा, बायका पोरांना आत ओढायच्या. मालक आले, मालक.

तो बाल्कनीत गेला. खाली टॅक्सीवाला बाकावर बसून दुकानात बघत काहीतरी तिखटमीठ लावून सांगत होता. आतून चिंध्यांचा बोळा सणसणत आला. टॅक्सीवाल्यानं तो झेलून परत फेकला. काय सांगत होता ते वर ऐकू येत नव्हतं.

"दोन लिहा," शेठ म्हणाला.

"मग कर्ज होणार नाही."

"माहितीये."

बाई दारात थबकली. "शेजार चांगला आहे वाटतं इथला?"

"वर कुणी येत नाही," शेठ म्हणाला. "खाली चांगला आहे."

तिला रस्त्यापर्यंत सोडून तो तडक दुकानात गेला. "हरलो, ताई. दोन निघाले."

"दुसरा कुठला रे?" टॅक्सीवाल्यानं कान टवकारले. दुसऱ्याच क्षणी त्यानं जीभ चावली. "म्हणजे, कुठला हो?"

"माझाच."

घटकाभर कुणाला कळलंच नाही. मग टॅक्सीवाला असा हसला की बाकावरून खालीच आला. "चांगला जिताजागता माणूस, आणि रिकामा धरला! म्हणजे तू घेत नाहीयेस इमारत?"

"कर्जच मिळत नाही. कशानं घेऊ?"

"बरं झालं मेल्या!" आणि पाठोपाठ त्यानं इमारतीकडे तोंड करून हाळी दिली, "अहो, या सगळे बाहेर! शेठ्या गाऊन घालणारे!"

शेठ गाऊन घेऊन वर गेला. डोक्यातून घातला, झालरी सारख्या केल्या, पण मागची चेन काही हाताला येईना. दाराच्या कडीत अडकवून बघितली, भिंतीला पाठ घासून बघितली. शेवटी तसाच, मागून उघडा, जिना उतरला. बाहेर खिडक्याखिडक्यांतून माना काढून बिऱ्हाडंच्या बिऱ्हाडं उभी होती. शिट्ट्या सुरू झाल्या.

"अरे, पाठ उघडी टाकून कुठं निघालास?" ताई दुकानातून ओरडल्या. "वळ."

तो वळला. ताईंनी एका हातानं कापड धरून चेन सरकन वर ओढली, गळा सारखा केला, आणि गिऱ्हाइकाला करतात तशी सवयीनं खांद्यावरची शिवण थोपटली. पाठीवर कुणाचा हात पडून किती काळ लोटला होता, ते शेठला आत्ता कळत होतं.

"काखेत काचतंय का?"

"नाही," तो म्हणाला. खरं तर चांगलंच काचत होतं.

"मग चालायला लाग. पार कोपऱ्यापर्यंत. पळायचं नाही, सांगून ठेवते."

शेठनं झालरी दोन्ही मुठींत धरल्या आणि टळटळीत उन्हात रस्त्याच्या मधोमध चालायला लागला. मागून टॅक्सीवाला गाडीत बसून हॉर्न वाजवत येत होता आणि घसा ताणून सांगत होता, "शेठ्या, जरा भरभर चाल की!" शेठनं मागं वळून बघितलं नाही, फक्त चाल आणखी हळू केली.