मृगाची बाटली

सौसरच्या पुंडलिकरावांनी उभ्या आयुष्यात दारूला बोट लावलं नव्हतं, आणि ही गोष्ट ते कोणाला विसरूही देत नसत. पंगतीत शेजारच्याच्या तोंडाला वास आला की ते भरल्या पानावरून उठून घरी येत. मग देवकाबाईंना पुन्हा चूल पेटवावी लागे, आणि त्या काय पुटपुटत ते इथे न सांगितलेलं बरं.

अशा माणसाच्या लेकीला, नलिनीला, पांढुर्ण्याच्या मनोहरचं स्थळ आलं. मुलगा देखणा, घर चांगलं, पगार चांगला. पण नोकरी जहाजावरची आणि काम साहेबलोकांना दारू वाढण्याचं. पुंडलिकरावांनी ऐकताक्षणी मनातल्या मनात नकार देऊन टाकला. अडचण एवढीच की नलिनीला तो हवा होता. त्याच्यासाठी तिनं दोन स्थळं परतवून लावली होती, आणि लेकीच्या तोंडावर नाही म्हणायची छाती पुंडलिकरावांना नव्हती. नाही तर म्हणायचं, पण वाईटपणा आपल्याकडे येऊ द्यायचा नाही, अशी वाट ते शोधत होते.

चौऱ्याऐंशीच्या जानेवारीत मनोहर सुटीवर आला आणि त्यांना भेटायला थेट संत्र्याच्या बगीच्यात पोचला. विहिरीजवळ बाज टाकली होती. देवकाबाईंनी चहा दिला. नलिनी मोटारपंपाच्या खोलीआड उभी राहून कान देत होती, आणि ती तिथं आहे हे सगळ्यांना माहीत होतं.

"तू नेमकं करतं काय तिथं?" पुंडलिकरावांनी विचारलं.

"कोणत्या जेवणासंग कोणती वाइन घ्यायची ते सांगतो, काकाजी. दोन वाइनींतला फरक सांगतो."

"दारूत कायचा फरक? ही पेला तरी माणूस नालीत, ते पेला तरी नालीत."

मनोहर हसला आणि त्यानं पिशवीतून दोन बाटल्या काढल्या. नलिनीनंच त्या आणायला लावल्या होत्या, पण हे पुंडलिकरावांना पुष्कळ नंतर कळलं. "दोन्ही लाल, दोन्ही गडद, दोन्ही अंगानं भरलेल्या," तो म्हणाला. "द्राक्षही एकाच जातीचं. फ्रान्समंदी त्याले सिरा म्हणतेत, ऑस्ट्रेलियात शिराझ. पण चव येगळी येते."

पुंडलिकरावांना आपली वाट सापडली. ते बाजेवर सरसावून बसले.

"असं कर, मी सोता चाखतो. मले फरक कळला तर लग्नाचं बोलू. नाही कळला तर दुपारच्या मोटारीनं पांढुर्णा गाठायचा."

"तुमी चाखता?" देवकाबाईंच्या हातातली बशी तशीच राहिली.

"प्यायची नसते, काकूजी," मनोहर घाईनं म्हणाला. "तोंडात घोळवायची, चव घ्यायची अन् थुंकायची. आमी तसंच करतो. दिवसभर चाखलं तरी पोटात थेंब जात नाही."

दारू तोंडात घेऊन थुंकणारा माणूस पुंडलिकरावांनी ऐकलाही नव्हता. त्यांना पोराबद्दल जरा बरं वाटलं, आणि तसं वाटल्याचा लगेच रागही आला.

आता त्यांच्या जिभेबद्दल सांगायला हवं. पांढुर्ण्यापासून मोहगावपर्यंत ती जीभ नावाजलेली होती. संत्र्याची एक फोड चाखून ते फळ पावसाळ्यात वाढणाऱ्या आंब्या बहाराचं की उन्हाळ्याच्या तोंडी पिकणाऱ्या गोड मृग बहाराचं, काळ्या जमिनीतलं की मुरमाडातलं, ते बिनचूक सांगत. सौद्यात भांडण झालं की दोन्हीकडचे लोक त्यांच्याकडे येत. एका वर्षी तर नागपूरच्या व्यापाऱ्यासमोर त्यांनी स्वतःच्याच बगीच्याचं फळ पाणचट म्हणून सांगितलं आणि ठरलेला सौदा मोडला. देवकाबाई तेव्हा बरेच दिवस त्यांच्याशी बोलल्या नव्हत्या.

चहापत्तीवर फुकट मिळालेले दोन काचेचे ग्लास आले. मनोहरनं दोन्हींत घोटभर ओतलं.

पहिल्या ग्लासला मिऱ्याचा वास होता. घोट तोंडात जाताच गाल आखडले, जांभूळ खाल्ल्यावर आखडतात तसे, आणि मागून जरा आंबटपणा आला. पुंडलिकरावांनी तो नीट घोळवला आणि शेजारच्या झाडाच्या आळ्यात थुंकून दिला. चूळ भरली. मग दुसरा ग्लास उचलला. त्याला मनुकांचा वास. चव दाट, मऊ, साखर नसून गोडसर वाटणारी.

त्यांनी डोळे मिटले. ही चव त्यांच्या ओळखीची होती.

नुसतं 'सारखंच हाय' म्हटलं की काम झालं असतं. पोरगा मोटारीत बसला असता, नलिनीलाही बापाला बोल लावता आला नसता. त्यांनी तोंड उघडलं. नलिनी आता आडोसा सोडून उघड्यावर आली होती आणि पदराचं टोक मुठीत धरून त्यांच्याकडे पाहत होती. मनोहर मान खाली घालून बसला होता. पुंडलिकरावांनी खोटं बोलायचा मनापासून प्रयत्न केला, पण या कामाची त्यांच्या जिभेला सवयच नव्हती.

"पह्यली आंब्या बहाराची हाय," ते शेवटी म्हणाले. "पावसापाण्यात वाढलेली. जिभेले चिमटा घेते. दुसरी मृगाची. उन्हात पिकलेली. झाड एकच, बहार दोन."

"काकाजी, तसंच हाय," मनोहरचा आवाज बारीक झाला. "सिराच्या गावी थंडी अन् दगडाचे उतार. शिराझच्या गावी ऊनच ऊन."

देवकाबाई आळ्याकडे बघत होत्या. तिथं एकच लाल डाग होता.

"दुसरी कुठं थुंकली?" त्यांनी विचारलं.

पुंडलिकरावांनी उपरण्यानं मिशा पुसल्या.

"मृगाचं फळ तोंडातून कोणी थुंकते का?" ते म्हणाले, आणि मनोहरकडे वळले. "अन् तू काकाजी काय म्हणून राहिला अजून? सासऱ्याले मामाजी म्हणतेत."

नलिनी तोंडाला पदर लावून पंपाच्या खोलीआड पळाली. देवकाबाई गूळ आणायला उठल्या. पुंडलिकराव बाजेवर एकटेच बसून राहिले. लेक आता घरातून जाणार म्हणून त्यांना फार वाईट वाटत होतं, आणि तोंड अजून गोड होतं.