हा पेला कुणाचा?

मित्रांनो, ग्वाल्हेरच्या खासगी बाजारात एका गजकवाल्याच्या, म्हणजे तिळाच्या मिठाईवाल्याच्या, दुकानामागे कान्होजीची खोली आहे. तिथल्या फळीवर मी उभा असतो. येणारे-जाणारे मला लोणच्याची बरणी समजतात. त्यांचा फारसा दोष नाही. माझे अंग बरणीसारखेच भाजलेल्या मातीचे, रंग राखाडी, पोटावर निळ्या वेली आणि डोक्यावर कथलाचे झाकण. पण बरणीला माझ्यासारखा धरायला कान नसतो, आणि कोणत्याही बरणीने माझ्याइतके जग पाहिलेले नसते. मी एक जुना पेला आहे. माझा जन्म जर्मनीत, ऱ्हाईन नदीच्या काठी झाला, आणि तो बिअर पिण्यासाठी झाला. बिअर म्हणजे जवाचे कडवट, फेसाळ पेय. ते तुमच्या वयाचे नाही, तेव्हा त्याची गोडी मी तुम्हाला लावणार नाही. माझे दुःख वेगळेच आहे, आणि ते मला कुणालातरी सांगायचे आहे.

कुंभाराने मला चाकावर घडवले, भट्टीत भाजले आणि एका मोठ्या शहरातल्या दुकानात पाठवले. तिथे काचेआड भावंडांच्या रांगेत मी उभा असताना, १९३५ च्या उन्हाळ्यात, दोन पगडीवाले दुकानात शिरले. पुढे महिपतराव आणि मागे त्यांचा नोकर कान्होजी.

ग्वाल्हेर तेव्हा संस्थान होते. दरबारच्या मेहमानखान्यात, म्हणजे पाहुण्यांची बडदास्त ठेवणाऱ्या खात्यात, महिपतराव अधिकारी होते. शिकारीला येणाऱ्या गोऱ्या पाहुण्यांसाठी कोणती बिअर मागवावी हे ठरवायला त्यांना युरोपात धाडले होते. गावोगावी जायचे, बिअर चाखायची आणि तिला गुण द्यायचे. इतके सुखाचे सरकारी काम पुन्हा कुणाच्या नशिबी आले असेल असे मला वाटत नाही.

पण पहिल्याच दारूगुत्त्यात महिपतराव अडले. तिथे सगळ्यांचे पेले एकाच टबात बुचकळून पुन्हा पुढच्या माणसाला देत होते. महिपतरावांच्या घरी कुणी भांड्याला ओठ लावत नसे, सगळे वरून पाणी पीत.

"कान्होजी, ये तो सारी दुनिया का जूठा हुआ," ते म्हणाले. "मी कुणाचं उष्टं पिणार नाही. चल, आपलं भांडं घेऊ."

अशी माझी खरेदी झाली. त्यानंतर ज्या गावी जायचे तिथे कान्होजी मला पंच्यात गुंडाळून काखेत न्यायचा आणि बिअर माझ्यातच ओतून घ्यायचा. मला घासण्यासाठी त्याने ग्वाल्हेरहून चुलीच्या राखेची पुडी आणली होती. त्या राखेने अंग घासून घेताना मला आधी फार अपमान वाटला. नंतर मात्र तिच्याशिवाय चैन पडेना.

मजा अशी की, पेला स्वतःचा घेतला तरी महिपतरावांची सवय सुटली नाही. ते बिअरसुद्धा वरून प्यायचे. मान मागे, तोंड उघडे आणि मी हातभर वर. झाकणावरचा अंगठा सुटला की झाकण धाडकन पुढे यायचे आणि फेस मिशांत, नाकात, गळाबंद कोटावर सांडायचा. गुत्त्यातले लोक आपापली बिअर ठेवून बघत बसायचे. आणि महिपतराव नाक पुसत म्हणायचे, "फेस नाकात जातो. दोन आणे कमी."

हो, गुण आण्यांत असत. रुपयात सोळा आणे, म्हणून सगळ्यात उत्तम बिअर सोळा आण्यांची. महिपतराव घोट घेऊन डोळे मिटायचे. मे महिना आहे, शिवपुरीच्या जंगलात तंबू ठोकलाय, बाहेर लू चालली आहे, अशा वेळी ही कशी लागेल, याचा विचार करायचे. लंडनच्या बिअरला सहा आणे मिळाले, कारण ती कोमट होती. ब्रुसेल्सची आंबट निघाली. "शिळं ताक," म्हणून तिची तीन आण्यांवर बोळवण झाली. कोपनहेगनला अकरा आणे.

कान्होजी कधी थेंबही घेत नसे. निघण्याच्या दिवशी त्याच्या आईने, विजयाबाईंनी, त्याच्या हातावर दही घालताना त्याच्याकडून वचन घेतले होते. त्याचा बाप दारूने गेला होता. पण महिपतराव पीत असताना तो त्यांच्या तोंडाकडे बघत राहायचा आणि त्यांनी डोळे उघडण्याआधीच सांगायचा, "हुजूर, ही नऊ आण्याची दिसते."

"तुला कसं कळलं रे?"

"आपला चेहरा पाहून."

त्याचा अंदाज क्वचितच चुकायचा. महिपतराव खूश होऊन त्याच्या पाठीवर थाप मारायचे. परक्या मुलखात ते दोघे मालक-नोकर राहिलेच नव्हते, असे तेव्हा मला वाटे.

मग आम्ही बोहेमियातल्या पिल्सेनला गेलो. तिथल्या तळघरात इतकी गर्दी होती की हात वर करायला जागा नव्हती. वरून पिणे शक्यच नव्हते. महिपतरावांनी इकडेतिकडे पाहिले आणि आयुष्यात प्रथमच मला ओठ लावले. बराच वेळ ओठ काढलेच नाहीत. कान्होजी त्यांच्या तोंडाकडे पाहून हळूच म्हणाला, "सोळा आणे, हुजूर."

"सोळा आणे," महिपतराव म्हणाले. त्यांचे डोळे पाणावले होते. त्यांनी मला छातीशी धरले. "कान्होजी, आजपासून हा पेला माझा. याला दुसऱ्या कुणी तोंड लावायचं नाही."

मित्रांनो, आम्हा भांड्यांना विकत कुणीही घेते. पण 'माझा' असे फार थोड्यांना कुणी म्हणते. मी त्या दिवशी फुगून गेलो होतो, ते काही बिअरच्या फेसामुळे नाही.

ग्वाल्हेरला मेहमानखान्यात महिपतरावांच्या टेबलावर मला जागा मिळाली. संध्याकाळी काम आटोपले की ते माझ्यातून पिल्सेनची बिअर प्यायचे, आता नेहमी ओठ लावूनच. पाहुणे मला हातात घेऊन कौतुक करायचे. कान्होजी माझे झाकण चिंचेने उजळायचा. ती बारा-तेरा वर्षे माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली वर्षे होती.

१९४८ साली संस्थान विलीन झाले. ग्वाल्हेर आणि इंदूर मिळून मध्यभारत राज्य झाले. दरबारची खाती मोडली, पाट्या उतरल्या. नव्या सरकारात कुणाला घ्यायचे आणि कुणाला घरी बसवायचे, ते ठरवायला साहेब लोक फिरू लागले. नव्या राज्यात दारूबंदीचे वारे होते. जो पितो त्याला नोकरी नाही, अशी कुजबुज इंदरगंजातल्या कचेऱ्यांपासून आमच्या व्हरांड्यापर्यंत आली. महिपतरावांनी गळाबंद कोट पेटीत ठेवला आणि खादीचा सदरा शिवून घेतला. मला मात्र ते टेबलावरून उचलायला विसरले.

एके सकाळी इंदूरचे रघुनाथराव तपासणीला आले. खुर्चीत बसतात न बसतात तोच त्यांची नजर माझ्यावर पडली. त्यांनी झाकण उघडून वास घेतला.

"हा पेला कुणाचा?"

मी मनातल्या मनात ताठ उभा राहिलो. उत्तर मला पाठ होते.

कान्होजी चहाचा ट्रे घेऊन दारातच उभा होता. त्याच्याकडे बोट करून महिपतराव म्हणाले, "ह्याचा. विलायतेतून आणलाय. पीने की आदत है, साहब, काय करणार. इथे ठेवू नको म्हणून किती वेळा सांगितलं."

रघुनाथराव हसले. "म्हणजे बिअर चाखायला युरोपात गेलात तुम्ही, आणि प्यायचा हा?"

"मी वासावरून ठरवत असे," महिपतराव म्हणाले.

कान्होजीने त्यांच्या तोंडाकडे पाहिले. इतकी वर्षे जसे पाहत आला होता, तसेच. त्याला काय दिसले ते त्याने सांगितले नाही. ट्रे टेबलावर ठेवून तो म्हणाला, "जी साहब. मेरा ही है."

माझ्या काठावर महिपतरावांच्या ओठांशिवाय दुसऱ्या कुणाचे ओठ कधी लागले नव्हते. हे त्या खोलीत तिघांना ठाऊक होते. दोघांनी खोटे सांगितले. एकाने भीतीने आणि दुसऱ्याने निष्ठेने. तिसरा मी. मला बोलता येत नव्हते.

रघुनाथराव गेल्यावर महिपतरावांनी कान्होजीचे हात धरले. "माझी इभ्रत राखलीस. मी तुझी सोय लावतो. बोल, काय हवं?"

"मला काही नको, हुजूर. फक्त एकदा घरी येऊन आईला खरं सांगा. तिला हे कळल्याशिवाय राहणार नाही."

"उद्याच येतो," महिपतराव म्हणाले. मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, "आणि तो घेऊन जा. आता तुझाच आहे ना तो."

मला त्याच जुन्या पंच्यात गुंडाळून कान्होजी घरी निघाला. बातमी त्याच्या आधीच पोचली होती. विजयाबाई उंबऱ्यात उभ्या होत्या. पंचा सुटला आणि त्यांना मी दिसलो.

"बापाच्या वळणावर गेलास तर," त्या म्हणाल्या.

"आई, मी पीत नाही. हा माझा नाही."

"मग घरात कशाला आणलास?"

"हुजूरांची अमानत आहे. ते उद्या येतील. ते स्वतः सांगतील."

"ते आले की बघू."

त्या दिवसापासून त्यांनी कान्होजीच्या हातचे पाणी घेतले नाही. सकाळी स्वतः नळावर जायच्या आणि आपला तांब्या वेगळा भरून ठेवायच्या. कान्होजीची नोकरी गेली. तो गजकवाल्याकडे तीळ कुटायला जाऊ लागला. मी कोपऱ्यात पडून होतो. माझ्यात कुणी दातवणे ठेवली, कुणी मोडक्या छत्रीच्या काड्या. मला त्याचे काही वाटले नाही. रोज दुपारी म्हातारी दाराकडे बघत बसे, त्याचे वाटे. ती रागावली होती हे खरे, पण मुलगा खरे बोलतो आहे असे कुणीतरी येऊन सांगावे, याची ती माझ्याइतकीच वाट पाहत होती.

महिपतरावांचे जयेंद्रगंजातले घर तिथून काही लांब नाही. चालत गेले तर चहा गार होणार नाही. महिपतराव आले नाहीत. त्यांना नव्या सरकारात चांगली जागा मिळाली. १९५६ साली पुन्हा नवे राज्य झाले, भोपाळ राजधानी झाली आणि कचेऱ्यांबरोबर तेही भोपाळला गेले. जाण्याआधी एकदा कान्होजी त्यांच्या घरी जाऊन आला. "सामान बांधणं चाललंय, परत आलो की नक्की येतो," असे त्यांनी सांगितले. त्याच हिवाळ्यात विजयाबाई गेल्या. शेवटी कान्होजीने त्यांच्या ओठांशी पाणी नेले तेव्हा त्यांना ते गिळताही आले नाही. ते पाणी त्यांनी नाकारले की त्यांना घेता आले नाही, हे त्याला कधीच कळले नाही.

मित्रांनो, मी मातीचा आहे, तरी त्या दिवशी मला तडा कसा गेला नाही याचे मला आजही नवल वाटते.

निवृत्त होऊन महिपतराव परत आले तेव्हा एकसष्ट साल लागले होते. एका दुपारी काठी टेकत ते खोलीच्या दारात उभे राहिले. कान्होजीने चटई टाकली. इकडचे तिकडचे बोलून झाले आणि मग ते म्हणाले, "कान्होजी, माझा तो पेला आहे का रे तुझ्याकडे? मुलगी, जावई येणार आहेत. त्यांना विलायतेच्या गोष्टी सांगतो, पण दाखवायला काही नाही."

माझा. तेरा वर्षांनी तो शब्द मी पुन्हा ऐकला. तो ऐकला की मला आनंद होईल अशी माझी समजूत होती. आनंद झाला नाही. आता कसलीच भीती उरली नव्हती, म्हणून मी पुन्हा त्यांचा झालो होतो.

कान्होजीने मला उचलले, दातवणे काढली, राखेने घासले आणि गार पाणी भरून त्यांच्या हातात दिले. महिपतरावांनी मान मागे टाकली, मला हातभर वर धरले आणि पाणी वरून प्यायले. परक्याच्या घरच्या भांड्यातून प्यावे तसे. मला ओठ लावले नाहीत.

पाणी मिशांवर सांडले. मिशा पुसत ते हसून म्हणाले, "काय, कान्होजी? किती आणे?"

"आणे बंद झाले, हुजूर. आता नये पैसे आहेत."

मग कान्होजीने देव्हाऱ्याकडे हात केला. तिथे विजयाबाईंचा टाक होता. मेलेल्या वडीलधाऱ्यांची मूर्ती चांदीच्या छोट्या पत्र्यावर ठोकून आमच्याकडे पूजेत ठेवतात, तो टाक.

"पेला घेऊन जा, हुजूर. तुमचाच आहे. फक्त तिच्यासमोर एकदा म्हणा, की हा माझा आहे आणि कान्होजी कधी प्यायला नाही. बस, इतना ही."

महिपतरावांनी टाकाकडे पाहिले. मग दाराकडे पाहिले. दारात गजकवाल्याची बायको लीलाताई आणि शेजारच्या दोघी बायका, कोण मोठा माणूस आलाय ते बघायला येऊन उभ्या होत्या. महिपतराव मला चटईवर ठेवून म्हणाले, "आता जुन्या गोष्टी कशाला उकरायच्या? गेलेलं माणूस काही ऐकत नाही." आणि काठी शोधत उठले. मला न घेताच निघून गेले.

कान्होजी माझ्याजवळ येऊन बसला. माझ्यात थोडे पाणी उरले होते. वरून प्यायलेले ते पाणी उष्टे नव्हते. त्याने मला दोन्ही हातांनी उचलले, टाकाकडे एकदा पाहिले आणि मला ओठ लावून ते पाणी पिऊन टाकले. तेव्हापासून तो रोज माझ्यातूनच पाणी पितो.

मित्रांनो, भांडी घासून ठेवा, आपटू नका, हे तुम्हाला घरी सांगतातच. मी दुसरे मागतो. एखाद्या वस्तूला किंवा माणसाला एकदा 'माझा' म्हटलेत, आणि पुढे कधी भर खोलीत कुणी विचारले, हा कुणाचा, तर दुसऱ्याकडे बोट दाखवू नका. तिथे कुणाची तरी आई दाराकडे डोळे लावून बसलेली असते.