चहाचा पुडा

सेहेचाळीस साली नगरकडच्या कर्जतजवळच्या एका गावात ख्रिस्ती आळीतल्या एकाच बाईला मताचा हक्क होता. ती मार्था, शाळेत पहिली-दुसरीला शिकवायची. लिहितावाचता येत होतं म्हणून तिचं नाव यादीत लागलं. कर्जतला जाऊन ती मत टाकून आली, तेव्हा आठ दिवस आळीत त्याचंच कौतुक चाललं होतं.

"तुमाला तरी सरकारनं इचारलं, बाई. आमाला कोन इचारतंय?" राहीबाई म्हणाली होती. ती रोजंदारीवर खुरपायला जायची, पण बोलायला कुणाला भ्यायची नाही.

त्याच भाद्रपदात तिनं आळीतल्या बायका चर्चपुढे गोळा केल्या. गावात दुकान एकच, छगनशेटचं. रेशनची ज्वारीही त्याच्याकडेच. आळीच्या बायकांना तो पायरीखाली उभं करायचा, आत वजन करायचा आणि धान्य वरून पदरात ओतायचा. घरी मापलं की दर वेळी कमी.

"कारडावरची ज्वारी घ्यावीच लागंल," राहीबाई म्हणाली. "पर तेल, गूळ, काडीपेटी, कायबी त्याच्याकडनं घ्यायचं न्हाई. मिरजगावच्या बाजारातनं आनू. त्यो आपल्या डोळ्यापुढं काटा धरीपतुर. मत न्हाई तर न्हाई, आपला आना तर आपल्या हातात हाय."

सगळ्यांनी हात वर केले. मार्थाचा सगळ्यांत आधी.

सहा आठवडे बायका बाजारापर्यंत चालत गेल्या. म्हाताऱ्या भागूबाईची मिसरी संपली, तिनं तशीच कळ काढली. छगनशेट आधी हसला, मग चिडला, मग गप्प झाला.

एका शनिवारी निरोप आला, की नगरहून पाळकसाहेब संध्याकाळी सपत्नीक येताहेत. घरात चहा नव्हता आणि बाजाराला चार दिवस होते. भर दुपारी, गल्लीत कुणी नाही असं बघून, मार्था दुकानाच्या मागच्या दारानं गेली.

छगनशेटनं पुडा काढून दिला आणि हसला. "बरं झालं आलात, बाई. सोमवारी मीच काटा घेऊन तुमच्या आळीत येणार होतो. तेल पिंपात पडून आहे, गुळाला पाणी सुटलंय. म्हटलं, द्यावं त्यांच्यासमोर मोजून. आता कशाला?"

मार्थानं पुडा परत पुढे केला. "शेटजी, हा नको मला."

"राहू द्या की. शिकलेल्या माणसांनी त्यांच्या नादी लागू नये."

त्यानं तो घेतला नाही. ती घेऊन आली. पाळकसाहेबांनी दोन कप चहा घेतला आणि तिच्या हाताला चव असल्याचं सांगितलं.

रविवारपर्यंत छगनशेटनं गावभर केलं. "बाईच घेत्यात, मंग आपनच का पाय मोडायचं?" म्हणत एकेक करत बायका दुकानाकडे वळल्या. पुढच्या बाजाराला राहीबाई आणि भागूबाई दोघीच गेल्या.

दुसऱ्या दिवशी मार्था राहीबाईच्या दारात गेली. राहीबाई सुपात ज्वारी निवडत होती. मार्थानं सगळं सांगितलं, सोमवारचंसुद्धा. "सरकारनं विचारलं तेव्हा मी दोन तास उन्हात उभी राहिले, राहीबाई. तुम्ही विचारलंत, तर मला चार दिवस थांबता आलं नाही."

राहीबाईचा हात सुपातच थांबला. "सोमवारी येनार हुता म्हनला?"

"हो."

तिनं सुपातले खडे वेचून टाकले. मग म्हणाली, "ह्ये सांगितलं नसतं तर बरं झालं असतं, बाई. आमच्यानं व्हनारच नव्हतं, असं समजून गप पडलो असतो." आणि सूप उचलून आत गेली.

पुढच्या बाजाराला मार्था पिशवी घेऊन त्या दोघींच्या मागून चालली. ये म्हणून कुणी म्हणालं नाही, जा म्हणूनही नाही. पौषात आणखी चार घरं आली, शिमग्यापर्यंत निम्मी आळी. चैत्रात छगनशेटनं काटा बाहेर ओट्यावर टांगला.

त्या दिवशी मार्थाचा नवरा प्रभुदास म्हणाला, "झालं ना शेवटी? आता किती मनाला लावून घेशील?"

"दिवाळीआधी झालं असतं," मार्था म्हणाली. "सगळा हिवाळा भागूबाई एक वेळ जेवून होती. मापात कमी आलेली ज्वारी पुरायची नाही तिला. मी बघत होते."

प्रभुदास तिच्याजवळ येऊन बसला.